प्लास्टिक खडकात कसे उतरते: बिळे, वाळू आणि किनाऱ्यावरचा कचरा

२०२३ साली ब्राझीलच्या त्रिंदादे बेटावरून आलेल्या एका बातमीने अनेक वाचकांना बुचकळ्यात टाकले. दक्षिण अटलांटिक महासागरातील हे ज्वालामुखीय बेट मुख्य भूमीपासून अकराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे नौदलाच्या एका लहानशा तळाखेरीज वस्ती नाही आणि हिरवी समुद्री कासवे तिथे मोठ्या संख्येने अंडी घालायला येतात. अशा जागी भूशास्त्रज्ञ फर्नांडा अवेलार सांतोस यांना किनाऱ्यावर हिरवट रंगाचे खडक आढळले. त्यांतील वाळू आणि गोटे ज्या पदार्थाने एकमेकांना घट्ट धरून ठेवले होते, तो पदार्थ प्लास्टिक होता, आणि तेही मुख्यतः मासेमारीच्या जाळ्यांचे आणि दोरांचे अवशेष.

बातमी वाचून पडणारा पहिला प्रश्न रास्त आहे: वितळून घट्ट झालेल्या कचऱ्याला खडक का म्हणायचे? त्यामागून दुसरा येतो: लाखो वर्षांनी हे प्लास्टिक खरोखर जीवाश्म म्हणून सापडेल का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना डायनोसॉरच्या हाडांपेक्षा खेकड्याच्या बिळाचा जास्त उपयोग होतो. म्हणून सुरुवात तिथून करू.

## शरीराचा जीवाश्म आणि खुणेचा जीवाश्म

जीवाश्म म्हटले की हाड, दात, शिंपला किंवा पानाचा ठसा आठवतो. हे सगळे शरीराचे अवशेष आहेत. जीवाश्मांचा दुसरा मोठा वर्ग आहे ट्रेस फॉसिल, म्हणजे खुणेचा जीवाश्म. त्यात प्राण्याचे शरीर नसते. प्राण्याने काय केले याची नोंद असते. पाऊलखुणा, बिळे, सरपटत गेल्याच्या रेघा, शंखाला पाडलेली भोके, एवढेच काय, विष्ठासुद्धा या वर्गात येते. ओल्या सिमेंटवरून कुत्रे गेले आणि नंतर सिमेंट घट्ट झाले, तर त्या कुत्र्याचे पुढे काय झाले ते आपल्याला कळत नाही. पण ते कोणत्या दिशेने गेले, चालत गेले की धावत, आणि त्या वेळी सिमेंट किती ओले होते, हे ठशांवरून सांगता येते.

हाडापेक्षा खूण एका बाबतीत सरस ठरते. शिंपला लाटांबरोबर कित्येक किलोमीटर वाहत जाऊ शकतो, त्यामुळे तो जिथे सापडला तिथेच त्यातला जीव राहत होता असे म्हणता येत नाही. बीळ मात्र वाहून नेता येत नाही. ते जिथे आहे तिथेच कोणीतरी खणले होते. शिवाय वागणूक हाडांत उतरत नाही. टांझानियातील लाएटोली येथे १९७८ साली सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी राखेत पाऊलखुणा सापडल्या, तेव्हा माणसाचे त्या काळातील पूर्वज दोन पायांवर चालत होते हे त्या ठशांतून थेट दिसले.

हे शास्त्र रुळायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकात खडकांतील फांद्याफांद्यांच्या बिळांना अनेक अभ्यासक समुद्री शैवाल समजत असत. १८८१ साली स्वीडनच्या आल्फ्रेड नाथोर्स्ट यांनी जिवंत प्राण्यांना ओल्या गाळावरून चालायला लावून, त्यांतल्या कितीतरी आकृत्या वनस्पतींच्या नसून प्राण्यांच्या हालचालींच्या आहेत हे दाखवून दिले.

## बिळावरून समुद्राचा तळ कसा ओळखतात

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ झायलाखर यांनी एक विलक्षण उपयुक्त गोष्ट मांडली. खुणांचे ठरावीक समूह ठरावीक परिस्थितीतच आढळतात, आणि त्यामागे सरळ कारण आहे. पुळणीवर लाटा सतत वाळू उचकटत असतात आणि अन्नाचे कण पाण्यात तरंगत असतात. तिथे राहणाऱ्या प्राण्याला सुरक्षित राहण्यासाठी खोल जावे लागते, पण अन्नासाठी पृष्ठभागाशी संपर्कही ठेवावा लागतो. म्हणून तो उभे, नळीसारखे बीळ करतो. खोल, शांत समुद्रतळावर परिस्थिती उलट असते. तिथे अन्न गाळावर आणि गाळात थोडे थोडे पसरलेले असते, त्यामुळे प्राणी आडवे फिरतात आणि एकच जागा पुन्हा चाळावी लागू नये म्हणून नागमोडी, शिस्तबद्ध वळणे घेत जातात. आज डोंगरात असलेल्या वालुकाश्मात उभी बिळे दिसली, तर भूशास्त्रज्ञ तिथे एके काळी किनारा असण्याची शक्यता आधी तपासतो.

याचे फार देखणे उदाहरण म्हणजे ओफिओमॉर्फा नावाचे बीळ. मोकळ्या वाळूत खणलेले बीळ लगेच ढासळते, म्हणून कोळंबीच्या नात्यातला एक प्राणी चिखलाच्या लहान लहान गोळ्या करून त्या बिळाच्या भिंतीवर आतून थापतो. खडकातल्या जीवाश्म बिळाचा बाहेरचा पृष्ठभाग त्यामुळे गाठीगाठींचा दिसतो, आणि तशीच बिळे बांधणारे प्राणी आजच्या किनाऱ्यांवरही आहेत. भूशास्त्र वाचायला शिकवणारी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही: वर जिवंत प्राणी काम करताना दिसतो आणि खाली खडकात त्याच कामाची कोट्यवधी वर्षांपूर्वीची नोंद मिळते.

खुणांचे वजन किती असू शकते, याचा पुरावा पृथ्वीच्या कालगणनेतच आहे. कँब्रियन कालखंडाची सुरुवात, म्हणजे सुमारे ५३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची सीमा, १९९२ साली कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड येथील कड्यावर अधिकृतपणे निश्चित झाली. त्यासाठी निवडलेली ओळखखूण हाडाची किंवा शिंपल्याची नाही. ती ट्रेप्टिक्नस पेडम नावाचे एक बीळ आहे. ते कोणत्या प्राण्याने केले हे त्या प्राण्याचे शरीर पाहून ठरलेले नाही, तरीही पृथ्वीच्या इतिहासातील एक मोठी सीमा त्या बिळावर उभी आहे.

## प्लास्टिक नेमके कशाचे जीवाश्म?

आता प्लास्टिककडे येऊ. बाटली, झाकण किंवा दोर हे माणसाचे शरीर नव्हे. ते माणसाने केलेल्या कामाचे अवशेष आहेत, म्हणून तर्काने ते खुणेच्या जीवाश्मांच्या जवळ जातात. लेस्टर विद्यापीठातील यान झालासिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली अशा वस्तूंसाठी टेक्नोफॉसिल ही संज्ञा पुढे आणली. कुठे राहिलो, काय वापरले, काय टाकून दिले, हे त्या वस्तूंतून कळते.

ॲम्स्टरडॅममध्ये हे अगदी लहान प्रमाणात प्रत्यक्ष दिसले आहे. तिथल्या कालव्यांतील पाणपक्ष्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनांची घरटी बांधली आणि वर्षानुवर्षे त्याच जागी नवी भर घातली. संशोधकांनी वेष्टनांवरच्या मुदतीच्या तारखा वाचून घरट्याच्या थरांची वये काढली. खालच्या थरांत १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाची जाहिरात असलेले चॉकलेटचे वेष्टन मिळाले.

तरीही प्लास्टिकला सरसकट खुणेचा जीवाश्म म्हणणे मला अपुरे वाटते. बिळाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते जागचे हलत नाही, आणि प्लास्टिकचा मोठा भाग नेमका याच्या उलट वागतो. फेब्रुवारी १९९७ मध्ये टोकिओ एक्स्प्रेस या जहाजावरून इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ ६२ कंटेनर समुद्रात पडले. त्यांपैकी एकात लेगो खेळण्यांचे जवळपास ४८ लाख तुकडे होते, आणि ते आजही कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर वाहून येत असतात. त्या किनाऱ्यावर मुले खेळत होती असा अर्थ त्यांवरून काढला तर तो साफ चुकेल. तयार होताना प्लास्टिक माणसाच्या वागणुकीची खूण असते, पण एकदा पाण्यात पडले की ते वाळूच्या कणासारखा प्रवास करते. त्यामुळे ते दोन्ही पद्धतींनी वाचावे लागते, आणि दुसऱ्या पद्धतीसाठी समुद्र गाळ कसा वाहतो व कुठे टाकतो हे समजून घ्यावे लागते.

## प्लास्टिकचा दगड होतो तरी कसा?

२०१४ साली भूशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कोरकोरन, सागरी संशोधक चार्ल्स मूर आणि कलाकार केली जाझवॅक यांनी हवाईतील कामिलो किनाऱ्यावरच्या अशा दगडांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी त्याला प्लास्टिग्लोमरेट हे नाव दिले, कारण गोटे आणि वाळू एखाद्या बंधक पदार्थाने जोडली गेली की जो पिंडाश्म बनतो, त्याच्याशी याची रचना मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की बंधक इथे वितळलेले प्लास्टिक आहे. बंधक वितळवणारी उष्णता ज्वालामुखीची असावी असे वाटणे साहजिक आहे, पण ती प्रामुख्याने किनाऱ्यावर लोकांनी पेटवलेल्या शेकोट्यांची होती. काही ठिकाणी प्लास्टिक वितळून लाव्हाच्या खडकातील पोकळ्यांत भरले होते, तर काही ठिकाणी वाळू, प्रवाळ आणि बेसाल्टचे तुकडे एकत्र सांधून सुटे गोळे झाले होते.

असेच आणखी प्रकार नंतर नोंदले गेले. मदैरा बेटावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर लाटांनी घासून घासून चिकटवलेला पॉलिइथिलीनचा, म्हणजे पिशव्यांच्या प्लास्टिकचा, पातळ थर २०१६ साली प्रथम दिसला. कॉर्नवॉलच्या व्हिटसँड खाडीतील काही करडे 'गोटे' जळालेल्या प्लास्टिकचे निघाले. ते दिसायला हुबेहूब दगडासारखे होते, पण हातात घेतल्यावर हलके लागत. त्यांच्या तपासणीत शिसे आणि क्रोमियम आढळले, जे जुन्या रंगद्रव्यांतून आलेले असण्याचा संभव आहे.

आग नसतानाही प्लास्टिक खडकात अडकते. उष्ण किनाऱ्यांवर समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम कार्बोनेट वाळूच्या कणांमध्ये साचून काही दशकांतच पुळणीचा खडक होऊ शकतो, आणि त्या वेळी वाळूत जे असेल ते सगळे त्यात बंद होते. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरील गोरोंदाचे परिसर याबाबत थक्क करणारा आहे. तिथल्या कड्यात सुमारे ४ कोटी ७८ लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या लुटेशियन काळाची जागतिक संदर्भसीमा, म्हणजे त्या काळाची सुरुवात जिथून मोजतात तो थर, आहे. त्याच किनारपट्टीवर लोखंडाच्या कारखान्यांची समुद्रात टाकलेली धातुमळी लाटांनी परत आणली, आणि ती विटा, काच व प्लास्टिकसह घट्ट होऊन नवा खडक बनली आहे.

याला खडक म्हणायचे का, यावर भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते नाव दुय्यम आहे. प्लास्टिकचे वागणे मात्र बदलले, हे महत्त्वाचे. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलके असल्याने तरंगतात. त्यांना बेसाल्टचा तुकडा चिकटला की ते जड होतात, वाऱ्याने उडत नाहीत आणि वाळूखाली गाडले जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. जीवाश्म होण्याची पहिली अट गाडले जाणे हीच आहे.

## किनारा सतत वाहून जातो. मग हे टिकणार कुठे?

ही शंका अगदी योग्य आहे. पुळण ही गाळ कायमचा साठवण्याची जागा नव्हे. एका वादळात मीटरभर वाळू जाते आणि शांत ऋतूत परत येते. समुद्रपातळी वाढत असताना जुना किनारा बहुधा लाटांनीच कापला जातो. म्हणून प्राचीन खडकांत पुळणीचा वरचा भाग क्वचित टिकलेला दिसतो, आणि खोलवर गेलेल्या बिळांचे फक्त खालचे भाग उरतात. वाळूच्या वर पडलेल्या बाटलीचे भवितव्यही त्या बिळाच्या तोंडासारखेच आहे.

पण सगळे प्लास्टिक वर राहत नाही. ब्राझीलमधील सांतोस येथील पुळणीत संशोधकांनी खड्डे घेऊन पाहिले, तेव्हा प्लास्टिकचे मणी, म्हणजे वस्तू बनवण्यासाठी कारखान्यांना पाठवला जाणारा कच्चा माल, २ मीटर खोलीपर्यंत मिळाले. दक्षिण प्रशांत महासागरातील निर्जन हेंडरसन बेटावर २०१७ साली प्लास्टिकच्या सुमारे ३ कोटी ७७ लाख तुकड्यांचा अंदाज मांडण्यात आला आणि त्यांतील बहुसंख्य वाळूच्या वरच्या १० सेंटिमीटर थरात गाडलेले होते.

किनाऱ्यापलीकडे टिकण्याची शक्यता आणखी वाढते. तरंगणाऱ्या प्लास्टिकवर शैवाल आणि शिंपले वाढून ते जड होते आणि बुडते. पीईटी (बाटल्यांचे प्लास्टिक) आणि पीव्हीसी (नळांचे प्लास्टिक) तर मुळातच पाण्याहून जड असतात. भूखंडमंचावरून, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावरून, खोल समुद्राकडे उतरणाऱ्या खंडान्त उताराकडे गाळाचे लोट सरकतात आणि त्यांच्यासोबत सूक्ष्मप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरहून लहान तुकडे, खाली जातात. २०२० साली इटलीजवळच्या तिऱ्हेनियन समुद्राच्या तळाच्या अभ्यासात फक्त ५ सेंटिमीटर जाडीच्या थरात एका चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत तुकडे मोजले गेले. तळावरचे प्रवाह वाळू आणि चिखल जिथे गोळा करतात, तिथेच ते प्लास्टिकही गोळा करतात. प्राचीन समुद्रांतले असेच थर आज डोंगरांत खडक होऊन उभे आहेत, आणि त्यांत खोल समुद्रातील नागमोडी खुणा शाबूत आहेत.

## पण प्लास्टिक स्वतः टिकेल का?

'प्लास्टिकला कुजायला हजार वर्षे लागतात' असे वाक्य सर्रास वापरले जाते. ते मोजमाप नव्हे. बेकेलाइट या पहिल्या पूर्ण कृत्रिम प्लास्टिकचा शोध १९०७ चा आहे आणि प्लास्टिकचे प्रचंड उत्पादन १९५० नंतरचे, तेव्हा हजार वर्षांचा अनुभव कोणाकडेही असणे शक्य नाही. ठाऊक आहे ते असे: सूर्याचे अतिनील किरण, उष्णता आणि प्राणवायू प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, ते ठिसूळ होते आणि तुकडे होत जातात. यातला प्रत्येक घटक किनाऱ्यावर भरपूर आहे, आणि गाळाखाली गेल्यावर प्रत्येकच कमी होतो किंवा नाहीसा होतो. म्हणजे प्लास्टिक जितक्या लवकर गाडले जाईल तितके ते जास्त टिकेल.

प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूंचे काय, असे कोणी विचारील. २०१६ साली जपानी संशोधकांनी पीईटीवर जगणारा इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू जाहीर केला. ते मोलाचे संशोधन आहे, पण त्यातील विघटन सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात, पातळ फिल्मवर आणि केवळ एकाच प्रकारच्या प्लास्टिकबाबत दिसले. खोल समुद्रतळाशी तापमान बहुधा ४ अंशांहून कमी असते. प्रशांत महासागरातील मारियाना गर्तेत, म्हणजे जगातील सर्वांत खोल सागरी दरीत, १९९८ साली १०,८९८ मीटर खोलीवर टिपलेल्या चित्रणात एक प्लास्टिकची पिशवी दिसते.

आणि समजा, कोट्यवधी वर्षांत मूळ पदार्थ विरघळून गेला, तरी नोंद संपतेच असे नाही. कितीतरी शिंपल्यांचे मूळ कवच नाहीसे झाले आहे आणि फक्त साचा उरला आहे. बाटलीच्या झाकणावरचे आटे बारीक चिखलात तसेच उमटू शकतात. तेव्हा मात्र तो पूर्ण अर्थाने खुणेचा जीवाश्म असेल.

## मग प्लास्टिकवरून थराचे वय काढता येईल?

वरवर पाहता प्लास्टिक याला आदर्श आहे. त्याचे जगातील वार्षिक उत्पादन १९५० साली सुमारे २० लाख टन होते, ते २०१५ साली ३८ कोटी टनांवर गेले. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्यातील गाळात १९४५ पासून प्लास्टिकचे प्रमाण साधारण दर १५ वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे २०१९ साली दाखवण्यात आले. हे इतके स्वच्छ दिसण्याचे कारण तिथल्या तळाशी प्राणवायू जवळपास नाही हे आहे. प्राणवायू नसल्याने बिळे करणारे प्राणी नाहीत, आणि ते नसल्याने वर्षावर्षाचे थर न ढवळता राहिले.

इतरत्र हे प्राणी सगळे हिशेब बिघडवतात. वाळूतला लगवर्म हा किडा खोल बिळात राहतो आणि वरून खाली सरकत येणारा गाळ गिळतो. पृष्ठभागावरचे सूक्ष्मप्लास्टिक त्याच्यामुळे खालच्या थरात जाऊन साठते, हे प्रयोगांत दिसले आहे. लॅटव्हियातील तळ्यांत तर प्लास्टिकचा शोध लागण्याआधी साचलेल्या थरांतही सूक्ष्मप्लास्टिक मिळाले, कारण बारीक कण खाली झिरपतात. केवळ प्लास्टिक मिळाले म्हणून थर १९५० नंतरचा ठरवणे त्यामुळे धोक्याचे आहे.

यावर प्लास्टिकची साक्षच बाद करणे मात्र टोकाचे होईल. फॉर्च्यून हेडच्या कड्यातही नंतर ट्रेप्टिक्नसची बिळे ठरवलेल्या सीमेच्या काही मीटर खाली सापडली; कँब्रियनची सीमा त्यामुळे रद्द झाली नाही, इतर पुराव्यांची जोड मात्र आवश्यक झाली. प्लास्टिकलाही अशीच जोड लागते. मानवयुग (अँथ्रोपोसीन), म्हणजे माणसाच्या प्रभावाचा नवा भूशास्त्रीय काळ, मान्य करावा, या प्रस्तावात म्हणूनच मुख्य खूण अणुचाचण्यांतून आलेल्या प्लुटोनियमची होती आणि जागा कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराची. मार्च २०२४ मध्ये भूशास्त्रीय कालगणनेच्या या भागाचा निर्णय घेणाऱ्या शास्त्रज्ञांच्या उपआयोगाने हा प्रस्ताव फेटाळला. त्यावरून प्लास्टिकचे थर खोटे ठरतात, असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे. वाद कालगणनेत नवी रेघ कुठे मारायची, याचा होता. गाळात प्लास्टिक आहे की नाही, याचा नव्हता.

## गाडले गेले म्हणजे प्रश्न सुटला का?

'खडकात बंद झाले तर बरेच' हा युक्तिवाद ऐकायला सोयीचा आहे. पण किनाऱ्यावरचा खडक झिजतो. प्लास्टिकचे बंधक झिजले की त्याचे सूक्ष्म तुकडे पुन्हा पाण्यात जातात. गाडलेले प्लास्टिक वाळूचे गुणधर्मही बदलते. २०११ साली हवाईतील वाळूवर केलेल्या प्रयोगांत प्लास्टिकमिश्रित वाळूतून पाणी अधिक वेगाने झिरपले आणि ती वाळू तापायला अधिक वेळ लागला. समुद्री कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते, म्हणून हा फरक क्षुल्लक मानता येत नाही.

स्वच्छतेची पद्धतही यामुळे तपासावी लागते. यंत्राने वाळू चाळली की वरचे प्लास्टिक निघते, पण खेकड्यांची आणि किड्यांची बिळे मोडतात, आणि भरतीरेषेवर साचलेले शैवाल, जे अनेक लहान प्राण्यांचे अन्न आहे, तेही जाते. हाताने वेचण्याला वेळ लागतो, तरी त्यात बिळे वाचतात. शिवाय फक्त पृष्ठभाग मोजून 'किनारा स्वच्छ झाला' असे जाहीर करणे भूशास्त्राच्या दृष्टीने अपुरे आहे. ठरावीक जागी खड्डा घेऊन थराथराने मोजणी झाली तरच गाडलेले प्लास्टिक हिशेबात येते.

वेळेचेही तसेच आहे. मे २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाजाला आग लागली आणि सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे मणी असलेला माल समुद्रात गेला; काही मणी जळून एकमेकांना चिकटलेले होते. असे मणी भरतीरेषेवर येऊन पडतात तेव्हा ते हाताने उचलता येतात. त्यानंतरची प्रत्येक भरती वाळूचा नवा थर टाकत जाते, प्राणी आपली बिळे करत राहतात, आणि काही आठवड्यांतच तेच मणी फावड्यानेच काढता येतील इतके खाली गेलेले असतात.